शनिवारवाडा बांधायचा, पण कोणत्या सालचा?

शनिवारवाडा पुन्हा उभारावा ही मागणी पुण्यात अधूनमधून डोके वर काढते आणि दर वेळी वाद एकाच ठिकाणी अडकतो. एक बाजू म्हणते, जिथून अटकेपर्यंतच्या मोहिमांची सूत्रे हलली, तिथे आज नुसती जोती आणि हिरवळ उरावी ही शरमेची गोष्ट आहे. दुसरी बाजू म्हणते, पेशवाई म्हणजे जातिभेदाचा कळस, तिचे स्मारक हवेच कशाला? एकाला अभिमान आहे, दुसऱ्याला राग आहे, आणि वाड्याविषयी बोलायला दोघांनाही सवड नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. जळालेल्या वाड्याच्या जोत्यावर नवा वाडा बांधू नये. याचा अभिमानाशी संबंध नाही आणि रागाशीही नाही. तो कसा होता हे सांगणारा पुरावा अपुरा आहे, जो आहे तो नव्या बांधकामाखाली गाडला जाईल, आणि या राजधानीच्या ज्या गोष्टी अजून शिल्लक आहेत त्यांना पैशाची आणि कारागिरांची गरज आज जास्त आहे.

सुरुवात साध्या प्रश्नाने करू. कोणत्या सालचा शनिवारवाडा बांधायचा? पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, दोन्ही दिवस शनिवार. खर्च १६,११० रुपये असा आकडा नेहमी सांगितला जातो. पण पहिल्या बाजीरावाने या पैशात बांधलेला वाडा आणि आपल्या डोळ्यांपुढे येणारा शनिवारवाडा एक नाहीत. तट आणि नगारखाना नानासाहेबांच्या कारकिर्दीतले. कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी केलेले, म्हणजे पहिल्या बाजीरावानंतर तीन पिढ्यांनी. दुसऱ्या बाजीरावाने आणखी फेरफार केले, त्याच्याच काळात वाड्याला आगीही लागल्या. हे राहते घर होते. शंभर वर्षांत कुटुंब वाढले, सत्ता वाढली, चौकाला चौक जोडले गेले, जुने पाडून नवे चढवले गेले. १७३२ चा वाडा बांधला तर कारंजे पुसावे लागेल. १७९० चा बांधला तर बाजीराव-मस्तानीच्या ओढीने आलेल्या पाहुण्याला बाजीरावाने न पाहिलेल्या खोल्या दाखवाव्या लागतील. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली त्या दिवशीचा वाडा बांधला, तर तो इंग्रजांच्या ताब्यातला. तिथला भगवा दहा वर्षांपूर्वीच, १७ नोव्हेंबर १८१७ ला उतरला होता.

साल ठरले असे धरू. आराखडा कुठून आणायचा? मोजून काढलेले, जळण्यापूर्वीचे, मजल्यागणिक नकाशे आपल्या हाती नाहीत. १९२० च्या आसपास झालेल्या उत्खननातून जोती, चौक, पाण्याच्या वाटा आणि कारंज्यांचे अवशेष मोकळे झाले. म्हणजे तळमजल्याच्या भिंती कुठे होत्या ते कळते. त्यांच्यावर किती मजले होते, जिने कुठे वळत, छप्पर कसे उतरत होते, हे कळत नाही. सात मजल्यांच्या वाड्याच्या गच्चीवरून आळंदीचा कळस दिसे, असे सांगतात. बांधणाऱ्या मिस्त्रीला या वाक्यावरून एक खांबसुद्धा उभा करता येणार नाही. मग चित्र दाखवले जाते. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील मॅलेट आणि सवाई माधवराव यांच्यातल्या तहाच्या दरबाराचे टॉमस डॅनियलचे मोठे तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. मागे गणपती, दोन्ही बाजूंना सुरूच्या आकाराच्या खांबांच्या रांगा. वाड्यातल्या दरबाराच्या दिवाणखान्याचा, गणेश रंगमहालाचा, म्हणून हा सर्वांत मोठा पुरावा. पण प्रसंग १७९० चा आहे. ज्याच्या रेखाटनांवरून चित्र झाले तो जेम्स वेल्स हिंदुस्थानात पोचला १७९१ मध्ये आणि वारला १७९५ मध्ये. डॅनियलने ते पूर्ण केले १८०५ मध्ये, इंग्लंडात बसून. अशा चित्रातून खांबांची घडण समजते, दरबारात बसण्याची रीत समजते. दोन खांबांमधला खण किती हातांचा आणि तुळईचा छेद किती बोटांचा, हे त्यातून मोजायला गेलो तर आपण चित्रकाराची कल्पना सागवानात उतरवत असू.

विरुद्ध बाजूचे मुद्दे कच्चे आहेत असे मात्र नाही. पहिला मुद्दा असा की अवशेष मुके असतात. हे पूर्ण खरे आहे. दिल्ली दरवाजाचे खिळे बघून आत गेलेल्या माणसाला पुढे काय दिसते? एकसारखी दिसणारी जोती, एक कोरडे कारंजे, झाडे आणि सेल्फी काढणारे लोक. नारायणरावाचा ३० ऑगस्ट १७७३ चा खून आणि ‘काका, मला वाचवा’ ही हाक एवढेच बहुतेकांच्या पदरी पडते, तेही पौर्णिमेच्या भुताच्या गोष्टीत घोळून. ज्या ठिकाणाहून पाऊणशे-ऐंशी वर्षे अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार चालला, तिथून माणूस भुताची गोष्ट घेऊन घरी जात असेल तर ठिकाण सांभाळणाऱ्यांचे काहीतरी चुकते आहे. पण ही चूक सांगण्यातली आहे आणि तिच्यावर इमारतीचा उपाय लागू पडत नाही. बर्लिनचा राजवाडा युद्धात जखमी झाला, १९५० मध्ये पाडला गेला आणि आपल्या डोळ्यांदेखत, २०१३ नंतर, जुन्या दर्शनी भिंतींसह पुन्हा बांधला गेला. बांधून झाला तरी आत काय ठेवायचे यावरचे भांडण मिटले नाही. आफ्रिकेतून लुटून आणलेल्या बेनिनच्या ब्राँझ मूर्ती तिथे मांडाव्यात की परत द्याव्यात, यावर इमारतीच्या शैलीपेक्षा जास्त शाई खर्च झाली. आपल्या नव्या वाड्यात काय असेल? मेणाचे पुतळे, भाड्याने आणलेल्या गाद्या-लोड आणि वातानुकूलित यंत्रांचा आवाज.

पुण्याने हा प्रयोग एकदा करूनही पाहिला आहे, वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. शिवरायांचे बालपण जिथे गेले तो शहाजीराजांचा लाल महाल सतराव्या शतकाच्या अखेरीलाच नाहीसा झाला होता. आजची इमारत महापालिकेने १९८८ मध्ये पूर्ण केली, मूळ जागेच्या एका भागावर. मूळ महालाचे नकाशे नव्हतेच, तेव्हा जे बांधले ते कल्पनेने. हेतूबद्दल शंका नाही. पण सहलीला आलेल्या पोरांच्या घोळक्याजवळ दोन मिनिटे उभे राहा. शाहिस्तेखानाची बोटे याच खिडकीत तुटली, असे कुणीतरी बोट दाखवून सांगत असते. १६६३ च्या छाप्याचे श्रेय १९८८ च्या खिडकीला! पुनर्बांधणीचा खरा धोका हा आहे. ती ज्ञान वाढवत नाही, अज्ञानाला दगडविटांचा आधार देते, आणि एकदा तो आधार मिळाला की पुढच्या पिढीला शंकाही येत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: जगात राजधान्या पुन्हा उभ्या राहिल्याच ना? वॉर्साचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि द्यावेच. नाझींनी १९४४ मध्ये तिथला राजवाडा सुरुंग लावून उडवला. पोलिश जनतेच्या वर्गणीतून तो १९७१ ते १९८४ या काळात पुन्हा बांधला गेला. जुने शहर तर त्याआधीच उभे राहिले आणि १९८० मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. पण वॉर्साकडे काय होते ते बघा. युद्धापूर्वी वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इमारत-इमारत मोजून काढलेले नकाशे होते, ते जीव धोक्यात घालून लपवले गेले होते. अठराव्या शतकातली बेलोत्तोची तपशीलवार शहरचित्रे होती, छायाचित्रे होती, जळत्या राजवाड्यातून वाचवलेले सजावटीचे तुकडे होते. आणि ज्यांनी तो उभा पाहिला होता ते लोक जिवंत होते. राजवाडा पाडून तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती. आपले जळून दोनशे वर्षे होत आली.

याहून जवळचा दाखला ओकिनावातल्या शुरी किल्ल्याचा. र्‍युक्यू राज्याची ती राजधानी; शनिवारवाड्यासारखाच लाकडाचा वाडा आणि भोवती दगडी तट. १९४५ च्या लढाईत सारे बेचिराख झाले. मुख्य प्रासाद १९९२ मध्ये पुन्हा बांधला, तोही १७६८ च्या दुरुस्तीच्या वेळी लाकूड-लाकूड मोजून केलेल्या नोंदींवरून आणि युद्धापूर्वीच्या जीर्णोद्धाराच्या नकाशांवरून. एवढा पुरावा असूनही २००० साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला तो जुन्या अवशेषांना. वरच्या नव्या प्रासादाला नाही. आणि ३१ ऑक्टोबर २०१९ च्या पहाटे तो नवा प्रासाद पुन्हा जळाला. आत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते. जपान्यांनी पुन्हा काम काढले आहे, कारण त्यांच्याकडे आता नकाशांचा दुसरा संचही आहे. लाकडी वाडा बांधणे हा एकदाचा खर्च नसतो, कायमचा पहारा असतो. ज्या शहरात जुन्या पेठांतल्या बोळांतून अग्निशमनाचा बंब वळत नाही, तिथे हा विचार आधी व्हायला हवा.

तिसरा मुद्दा आपल्या परंपरेतून येतो आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. अवशेष जसेच्या तसे ठेवून त्यांच्याकडे बघत बसण्याची आवड युरोपची, आपली रीत जीर्णोद्धाराची, असे म्हणणारे चुकत नाहीत. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशीचे विश्वेश्वराचे मंदिर बांधले ते काही पुरातत्त्वाचे नियम वाचून नव्हे. जपानमध्ये इसेचे देवालय सातव्या शतकापासून दर वीस वर्षांनी नवे बांधतात. २०१३ मध्ये बासष्टावी खेप झाली. वास्तुजतनाचे आंतरराष्ट्रीय नियम सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा रोख दगडी इमारतींवर होता आणि लाकडाच्या, मातीच्या परंपरांना तिने न्याय दिला नाही, ही तक्रार आशियाने केली व १९९४ च्या नारा दस्तऐवजाने ती मान्य केली. इथपर्यंत सगळे कबूल. पण नारा दस्तऐवजसुद्धा अस्सलपणाची परीक्षा माहितीच्या साधनांच्या विश्वासार्हतेवर ठेवतो, हे कुणी सांगत नाही. इसेत लढायांच्या काळात शंभरावर वर्षांचा खंड पडला, तरी देवस्थान, पुजारी, सुतार आणि विधी चालू होते. मंदिराचा जीर्णोद्धार होतो कारण देव तिथे राहायला येतो. पूजा वास्तूला जिवंत ठेवते. पेशव्यांच्या दिवाणखान्यात कोण राहायला येणार आहे? आणि परंपरेचेच बोलायचे तर अहिल्याबाईंनी सोमनाथला १७८३ मध्ये नवे मंदिर बांधले ते भग्न मंदिराच्या जागेवर नाही, बाजूला.

चौथा मुद्दा कारागिरांचा. मोठे काम निघाले तर चुन्याचे, सागवानाचे, घडीव दगडाचे कसब पुन्हा जिवंत होईल, असे पुनर्बांधणीवाले म्हणतात. मोठे काम कसब शिकवते हे बरोबर आहे. पण शिकायला काम नवेच हवे का? कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण पेठांत अजून वाडे उभे आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीत रोज काय चालते ते पाहिले तर या कसबाची गरज कुठे आहे ते कळेल.

वाडा मरतो तो छपरापासून. दोन कौले सरकतात, पावसाचे पाणी वाशांवरून भिंतीच्या माथ्यावर उतरते आणि भिंतीत बसलेले तुळईचे टोक कुजायला लागते. ते बाहेरून दिसत नाही. दिसतो तो मजला एका बाजूला कललेला, आणि तोवर दोन-तीन पावसाळे गेलेले असतात. दुसरी जागा खांबाच्या पायथ्याची. खांब जमिनीवर नसतो, दगडी तळखड्यावर असतो, तो ओल चढू नये म्हणूनच. फरशी बदलताना गवंडी जमीन चार बोटे उंच करतो, तळखडा सिमेंटात बुडतो आणि लाकूड थेट ओलीला लागते. तिसरी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक म्हणजे सिमेंटचा गिलावा. पेशवेकाळातली चपटी वीट आणि चुन्याचे सांधे ओल शोषतात आणि सोडतात. वरून सिमेंट लिंपले की आत शिरलेली ओल अडते, क्षार विटेच्या पृष्ठभागावर येऊन साठतात, लोणा लागतो आणि दोन वर्षांत गिलाव्याचा पापुद्रा विटेचे कवच घेऊनच खाली येतो. मालक म्हणतो, जुनी वीट सडकीच होती. तिच्यावर सिमेंट चढेपर्यंत ती दोनशे वर्षे टिकली होती, हे त्याला कुणी सांगत नाही.

नीट दुरुस्तीला क्रम असतो. आधी छप्पर आणि पन्हळी, मग सांडपाणी, मग लाकूड, आणि गिलावा सगळ्यात शेवटी. कुजलेला खांब अख्खा काढायचा नसतो. तुळईला टेकू देऊन भार उचलायचा, कुजलेला पायाकडचा भाग कापून तेवढ्याच जाडीचे मुरलेले सागवान तिरक्या सांध्याने जोडायचे, लाकडी खुंट्या ठोकायच्या; लोखंडी खिळा गंजून लाकूड फोडतो. चुना भट्टीतून आणून लगेच वापरायचा नाही. तो विझवून आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटेची सुरखी घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. हिरडा आणि गूळ भिजवून काढलेले पाणी त्यात पडते. गिलाव्याचे थर पातळ द्यायचे, आधीचा थर आवळल्याशिवाय पुढचा चढवायचा नाही आणि प्रत्येक थर दिवसेंदिवस ओला ठेवायचा. घाई केली की बारीक भेगांचे जाळे पडते. या कामाला वेळ लागतो आणि निविदेतल्या दरसूचीत तो वेळ बसत नाही, म्हणून ठेकेदार गुपचूप सिमेंटची मूठ टाकतो. विश्रामबागवाड्यात आणि नानावाड्यात महापालिकेने जीर्णोद्धाराची कामे हाती घेतली. असे कसब तिथे शिकता येते, मूळ खांब, मूळ महिरप, मूळ केळफुली डोळ्यांपुढे ठेवून. रिकाम्या जोत्यावर सुतार कशावरून शिकणार?

याच जागी पुनर्बांधणीवाल्यांनी न मांडलेली एक तक्रार मांडायला हवी, कारण ती खरी आहे. शनिवारवाडा केंद्राचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्याने स्मारकाभोवती १०० मीटरमध्ये नवे बांधकाम निषिद्ध, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. त्या १०० मीटरांत माणसे राहतात. त्यांचे वाडे पडायला आले आहेत, जुन्या भाड्याचे भाडेकरू आहेत, वारसांची संख्या वाढली आहे, दुरुस्तीला परवानगी मिळवायची तर कागदांची चळत. नवे बांधता येत नाही, जुने सांभाळायला पैसा नाही. मग पावसाळ्यात एखादी भिंत कोसळते, महापालिका धोकादायक इमारतीची नोटीस लावते आणि आणखी एक अस्सल वाडा शहराच्या नकाशावरून जातो. राजधानीच्या स्मारकाचे रक्षण करणारा कायदा राजधानीचीच उरलेली घरे मारत असेल तर तो बदलायला हवा: मूळ पद्धतीने होणाऱ्या दुरुस्तीला ठरावीक मुदतीत परवानगी, आणि मालकाला थेट अर्थसाहाय्य. त्याच १०० मीटरांच्या मध्यभागी सरकारने स्वतः चार मजली नवा वाडा बांधला, तर शेजारच्या माणसाला काय तोंड दाखवणार?

भिडे वाड्याचे काय झाले ते आठवा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती या बुधवार पेठेतल्या वाड्यात. भाडेकरू आणि महापालिका यांचा खटला वर्षानुवर्षे चालला, वाडा त्या काळात खचत राहिला, आणि २०२३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे सगळे सोपस्कार संपल्यावर तो पाडण्यात आला, राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी. स्मारक होईल, चांगलेही होईल. पण ज्या भिंतींत ती शाळा भरली त्या वीस वर्षांपूर्वी टेकू देऊन वाचवता आल्या असत्या. अभिमानवाल्यांना शनिवारवाडा हवा आहे आणि रागवाल्यांना तो नको आहे, पण उभ्या असलेल्या वाड्याच्या छपराची कौले सरकली तेव्हा दोन्हीकडून कुणी शिडी लावली नाही. पेशवाईच्या जातिव्यवस्थेवरची टीका खोटी नाही. शनिवारवाड्याच्या पटांगणात ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद भरली ती याच आठवणीतून. मात्र त्या टीकेलाही पुरावा लागतो, आणि तो जोत्यापेक्षा जास्त दुसरीकडे आहे.

तो आहे पेशवे दफ्तरात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी महसुलाची आणि इनामांची छाननी करण्यासाठी हे कागद एकत्र केले. आपल्या इतिहासावरच्या प्रेमापोटी नव्हे, पण त्यामुळे ते वाचले. पुण्यातल्या पुराभिलेखागाराच्या दगडी इमारतीत १८९१ पासून ते आहेत: तीस हजारांवर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली गाठोडी, आणि त्यांत कोट्यवधी मोडी कागद. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या पिढीला हे दफ्तर खुले नव्हते. १९३० ते १९३४ या काळात इतिहासकार गो. स. सरदेसायांनी निवडक कागदांचे ४५ खंड छापले. ती निवड राजकारणाकडे झुकलेली होती, त्या काळाला धरून. राहिलेल्या रुमालांत गावांचे हिशेब आहेत, बाजारांच्या जकाती, दंड, बलुत्यांचे तंटे, जातींच्या तक्रारी, कारखान्यांचे जमाखर्च, आणि बांधकामांचे खर्चही. म्हणजे पुनर्बांधणीवाल्याला हवा असलेला खांब आणि टीकाकाराला हवा असलेला अन्याय, दोन्ही एकाच इमारतीत बांधून पडले आहेत.

ते वाचणार कोण? मोडीत शब्द तोडलेले नसतात, ओळभर हात उचलत नाही, ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात. तारीख बहुधा अरबी महिन्याच्या चंद्रावर आणि शुहूर सनात, म्हणजे दफ्तरातल्या अरबी नावांच्या वर्षगणनेत, असते. शनिवारवाड्याच्या पायाभरणीचे साल कागदावर ‘सलासीन मया व अलफ’ असे येईल: तीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११३०. हा सन मृगाला सुरू होतो, म्हणून जून ते डिसेंबरच्या तारखेला ५९९ आणि जानेवारी ते मेच्या तारखेला ६०० मिळवायचे. एवढे चुकले की कागद एक वर्ष मागेपुढे जातो. शाळांतून मोडी जाऊन दोन पिढ्या उलटल्या. हौसेने वर्ग करणारे पुष्कळ आहेत, पण वर्गात शिकवलेले वळणदार अक्षर आणि घाईत बोरूने ओढलेला फडावरचा, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतला, कागद यांत फार अंतर आहे. कागद हातात धरून चार-पाच वर्षे बसल्याशिवाय माणूस जाणकार होत नाही, आणि तेवढी वर्षे बसायला पगार लागतो.

कागद सांभाळण्याचे कामही असेच संथ आहे. काजळीची शाई उन्हाने उडत नाही, पण पाण्याने पसरते. म्हणून ओला उपचार सरसकट चालत नाही. जिथे दोन बंद, म्हणजे कागदाचे ताव, खळीने चिकटवले आहेत तिथे कसर आधी लागते. घड्या उलगडायच्या, मऊ कुंचल्याने धूळ काढायची, फाटके जपानी कागदाच्या पट्टीने सांधायचे, आडवे ठेवायचे, खोलीतली आर्द्रता बाराही महिने एका पट्ट्यात राखायची. मग छायांकन, तेही पाठपोट, कारण शिक्का आणि शेरा अनेकदा पाठीवर असतो. आणि प्रत्येक छायेला रुमाल क्रमांक, साल, गाव, विषय एवढी तरी नोंद. नोंदीवाचून केलेले लाखो फोटो म्हणजे पुन्हा रुमालच, फक्त विजेवर चालणारे. यंत्राकडून मोडी वाचवण्याचे प्रयोग चालू आहेत. त्या यंत्राला शिकवायलासुद्धा आधी माणसाने अचूक वाचलेली हजारो पाने लागतात.

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, भांडारकर संस्था १९१७ ची. या संस्था देणग्यांवर आणि ओढाताणीच्या अनुदानांवर चालल्या आणि राजधानीची स्मृती बहुतांशी त्यांनीच सांभाळली. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत मोडतोड झाली, तेव्हा फाटलेली पाने वेचणाऱ्यांत दिसले नाहीत असे पुष्कळजण इतिहासाचा अभिमान बाळगतात.

पाण्याचेही तेच. नानासाहेबांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला बांध घालून तिथून सुमारे आठ किलोमीटरचा बांधीव नळ शहरात आणला गेला. माणूस आत शिरून गाळ काढू शकेल एवढा मोठा. वाटेत हवा खेळण्यासाठी उच्छ्वास, गाळ बसायला जागा, आणि शेवटी पेठापेठांतले हौद. पंप नाही, सगळा उताराचा हिशेब. हजारी कारंजे उडायचे ते असल्याच उताराच्या दाबावर. हा नळ काही ठिकाणी अजून वाहतो. त्याच्यावर इमारतींचे पाये उतरतात, गटाराचे पाणी झिरपून त्यात शिरते, उच्छ्वास रस्ता रुंद करताना उडवले जातात. नवा वाडा बांधायला निघालेल्यांपैकी किती जणांनी या नळाचा नकाशा मागितला आहे?

शनिवारवाड्याच्या आत काय करायचे? जोत्यांच्या कडेची हिरवळ आधी हटवा. रोज पाणी पिणाऱ्या गवतामुळे विटेत ओल चढते आणि मुळे चुन्याचे सांधे फोडतात. त्या जागी मुरूम आणि पाण्याला उतार द्या. प्रत्येक जोत्यावर चौकाचे नाव, कोणत्या कारकिर्दीतले, कोणत्या कागदावरून, एवढे मराठीत लिहा. नगारखान्यात वाड्याची लाकडी प्रतिकृती ठेवा आणि तिला तीन रंग द्या: पुराव्याने ठाम असलेला भाग, बराचसा संभवनीय, आणि निव्वळ अंदाज. तिसऱ्या रंगाचा भाग किती मोठा आहे हे बघितल्यावर पुष्कळांचा आग्रह आपोआप खाली येईल. कारंज्याचा दाब कसा मिळे याचे चालते प्रात्यक्षिक ठेवले तर शाळेतली पोरे भुताला विसरतील.

आणि दफ्तरातून उद्या गणेश रंगमहालाचा पुरा हिशेब हाती आला, खणांची संख्या, तुळयांची लांबी, खांबांची जाडी, सुतारांची मजुरी, आणि तो उत्खननातल्या जोत्याशी इंचाइंचाला जुळला, तर तेवढा एक दिवाणखाना चुन्यात आणि सागवानात बांधायला माझी हरकत नाही. तो तटाबाहेर बांधावा, पाट्यांवर बांधल्याचे साल मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि आग विझवायचे पाणी छपरापर्यंत पोचते की नाही हे पहिल्या दिवशी तपासावे.